काविळीची माळ

मी एकाहत्तरच्या लढाईला गेलो नाही, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. का गेलो नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे, आणि ते साफ खोटं आहे. खरं दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक गेली. उरलेला मी, आणि मी काही भला माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

त्या वर्षी ऑक्टोबरात मी नागपूरला सुट्टीवर आलो होतो. फौजेत लागून चार वर्षं झाली होती. वस्तीतला पहिला फौजी मी, त्यामुळे बाबांची छाती नुसती फुगलेली. ते कापड मिलमध्ये साच्यावर कामाला होते. पाळी संपवून घरी आले की मला युनिफॉर्म चढवायला लावायचे आणि चहाच्या टपरीवर घेऊन जायचे. बाजारात बैल फिरवतात तसं मला फिरवायचे आणि लोकांना सांगायचे, "मशीनगन चालवते आमचा पोरगा, मशीनगन!" मला लाज वाटायची आणि आवडायचंही.

आठच दिवस झाले असतील. तार आली. सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा. पलटण पूर्वेच्या सरहद्दीकडे हलली होती. बाबांनी तार हातात घेऊन अख्खी गल्ली पालथी घातली. मी मात्र दोन दिवसांपासून भाकरीकडे पाहत नव्हतो. मळमळायचं, अंग मोडून यायचं. माय माझ्या बॅगेत कपडे भरता भरता थांबली आणि माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड उजेडाकडं वळवलं.

"पोरा, तुहे डोळे पिवळे दिसून राहिले ना गा."

कावीळ. कामठीला फौजेचं हॉस्पिटल आहे, तिथं गेलो. दोन आठवडे वॉर्डात ठेवलं आणि मग घरी पाठवलं. आराम करायचा, तेल-तिखट बंद, दारूचं नाव काढायचं नाही, आणि दर दहा दिवसांनी येऊन दाखवायचं. डॉक्टर कॅप्टन होता, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "फिट हो जाओ जवान, फिर भेजते हैं तुम्हें तुम्हारी पलटन में." तेव्हापासून आमच्या घरात तो एकच शब्द घुमत राहिला. फिट. बाबा सकाळी उठल्याबरोबर माझी पापणी खाली ओढून पाहायचे. मिलमधून आल्यावर पुन्हा पाहायचे. चहा नंतर, आधी पोराचा डोळा.

मायही पाहायची. पाहून ती पुन्हा चुलीकडं वळायची.

इथं आमच्या घरचं एक सांगायला पाहिजे. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. त्याच आठवड्यात बाबांनी घरातले देव, ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या, सगळं एका टोपल्यात भरलं आणि नाल्यात टाकून आले. त्यानंतर आमच्या घरात 'नजर लागली' असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की बाबा अंगावर यायचे. मायनंही पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली होती, मनापासून घेतली होती. पण कावीळ झाली म्हटल्यावर ती एक दिवस बहिणीला भेटायच्या नावानं बसमध्ये बसली, सावनेरकडच्या एका खेड्यात गेली, आणि लुगड्याच्या ओच्यात माळ लपवून घेऊन आली.

काविळीची माळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कसल्याशा वेलीच्या ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे असतात, कच्च्या सुताच्या गाठींनी एकमेकांना बांधलेले. पहिल्या दिवशी ती डोक्यावर टोपीसारखी बसते. मग रोज थोडी थोडी लांबते. गळ्यात उतरते, छातीवर येते. बेंबीला लागली की कावीळ उतरली असं समजायचं. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून ती लांबते. त्यात काही चमत्कार नाही, हे मलाही कळत होतं.

"माय, बाबानं पाह्यलं त घर डोक्यावर घेईन," मी म्हणालो.

"हे देवाचं नाई ना गा," ती म्हणाली. "हे झाडाचं आहे. झाडाले काय दीक्षा लागते?"

मी डोकं पुढं केलं. बाबा घरी असले की मी माकडटोपी घालायचो, आणि माळ गळ्यात उतरल्यावर शर्टाचं वरचं बटण लावायचो. त्या दिवसांत मी खरंच आजारी होतो आणि मला खरंच बरं व्हायचं होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढं लिहिण्यासारखं फारसं काही चांगलं नाही.

पहिल्या तपासणीला डॉक्टरनं पोट दाबलं, डोळे पाहिले, बाटलीतली लघवी उजेडात धरली आणि मान हलवली. अजून दहा दिवस. मी चिडलो होतो. तिकडं माझा जोडीदार एकटा होता. तो सावनेरचाच, त्याचा बाप कोळशाच्या खाणीत कामाला. मशीनगनवर मी एक नंबर आणि तो दोन नंबर. म्हणजे गोळी मी चालवायची आणि त्यानं बाजूला पडून मॅगझीन भरून द्यायची. चार वर्षं आम्ही एका मगातून चहा प्यायलो होतो. त्याचं पत्र आलं. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण मजकूर सरळ होता.

'तुही गन आता मले देली आहे. मले एक नंबर जमून नाई राहिला बे. जाम झाली की हात लटलट कापते माहे. तू लवकर ये. पिवळा असला तरी ये.'

पत्र वाचून मी उठलो आणि दाराजवळ टांगलेल्या आरशात डोळे पाहिले. पांढरे होते. अगदी स्वच्छ नाही, पण चार-पाच दिवसांत कोणीही फिट म्हणेल असे.

आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. मी पाटावर बसलो आणि कितीतरी वेळ उठू शकलो नाही. मी भ्यालो होतो. त्याला दुसरं नाव नाही. चार वर्षं गोळ्या झाडल्या त्या मातीच्या ढिगांवर. आता समोरून येणार होत्या. आजारात पोटभर विचार करायला वेळ मिळतो, आणि मी महिनाभर खाटेवर पडून नुसता हाच विचार करत होतो. मरायचं नव्हतं मला. तेवीस वर्षांचा होतो.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जातो म्हणून निघालो आणि इतवारीकडच्या एका गल्लीत सावजीच्या खानावळीत जाऊन बसलो. मटणाचा रस्सा मागवला. वर दोन बोटं तेल तरंगत होतं. तरी खाल्लं. वरून मोहाची एक बाटली लावली. बाहेर येऊन भिंतीला धरून अर्धं ओकलो, आणि मनात म्हणालो, अर्धं तर राहिलं! डोळे पुसून, पान खाऊन घरी आलो. दोन दिवसांनी पुन्हा गेलो. तपासणीच्या आदल्या दिवशीही गेलो.

कॅप्टननं पोट दाबलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"परहेज़ कर रहे हो ना, जवान?"

"जी साब."

"तेल? शराब?"

"तौबा साब."

त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. पिवळेच होते. अजून दहा दिवस. कामठीहून येताना बसमध्ये मला पेंग आली. त्या महिन्यातली ती पहिली शांत झोप होती.

बाबा मात्र वेडे व्हायची वेळ आली. टपरीवर लोक विचारायला लागले होते. "काहून गा, पोरगा अजून घरीच? मशीनगन कोन चालवून राहिलं मंग?" बाबा हसण्यावारी न्यायचे आणि घरी येऊन मायवर खेकसायचे. भाजीत तेल टाकलं काय, हळद टाकली काय, आण ते भांडं इकडं. मायच्या हातची उकडलेली मुळ्याची भाजी ते स्वतः चाखून पाहायचे. तिच्यात तेलाचा थेंब नसायचा. तेल माझ्या पोटात होतं.

आणि मग ते घडलं. मिलमध्ये काहीतरी बंद पडलं होतं म्हणून बाबा दुपारीच घरी आले. मी मोरीत आंघोळ करत होतो. माळ खुंटीला काढून ठेवली होती. ती आता पार बेंबीपर्यंत आली होती. मी अंग पुसत होतो तेव्हा बाहेरून बाबांचा आवाज आला. आवाज मोठा नव्हता. बाबा हळू बोलले की जास्त भीती वाटायची.

"हे काय वं? काय करून राहिली?"

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. माय अंगणात उन्हात बसली होती. मांडीवर ती माळ. दातात सुताचा धागा. एकेक सैल गाठ सोडून ती पुन्हा घट्ट आवळत होती. अर्धी माळ आवळून झाली होती. आता आठवलं की मधे दोनदा मला ती आखूड वाटली होती, पण मी लक्ष दिलं नव्हतं.

तोंडावर विचारलं की तिला खोटं बोलता येत नसे. धागा तोंडातून काढून ती म्हणाली, "माळ लांब झाली त पोरगं बरं होईन. बरं झालं त जाईन. म्हणून आखूड करून राहिली."

बाबांनी माळ हिसकली. त्यांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. ते दारात गेले आणि त्यांनी माळ हातात उंच धरून शेजाऱ्यांना हाका मारल्या. बाया आल्या, दोन-चार माणसं आली. "पाहा! आम्ही देव सोडले, अन् ह्या बाईनं हे घरात आणलं! देशावर वेळ आली, अन् हिनं पोराले दोऱ्यानं बांधून ठेवलं! हिच्या पायी माहा पोरगा फिट होऊन नाई राहिला!"

पाहा आता. माळेत काही दम नाही असं पंधरा वर्षं ओरडून सांगणारा हा माणूस, त्याच माळेनं पोरगा आजारी ठेवला म्हणून बायकोला गल्लीसमोर उभी करत होता. हे कोणालाच दिसलं नाही. मला दिसलं. मी तिथं ओल्या अंगानं उभा होतो, आणि एक वाक्य बोललो असतो तर सगळं थांबलं असतं.

मी बोललो. मी म्हणालो, "तरीच! तरीच मी बरा होऊन नाई राहिलो."

मायनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग तिनं मान खाली घातली. बाबांनी तिला स्वतःच्या हातानं ती माळ चुलीत टाकायला लावली. काड्या वाळलेल्या होत्या, भुर्रकन जळाल्या.

त्या दिवसापासून ती वस्तीत 'माळवाली' झाली. नळावर बाया तिला पाहून बाजूला सरकायच्या आणि मोठ्यानं बोलायच्या. "फौजी लेकाले पदराखाली घेऊन बसली हो!" विहारात ती मागच्या भिंतीला टेकून बसायला लागली. घरात बाबा तिच्याशी हुकमापुरतं बोलायचे. आणि मी? मी तिच्या हातून ताट घेताना तोंड वाकडं करायचो. एकदा खोटं अंगावर चढवलं की ते रोज इस्त्री करावं लागतं. आणि वाचनालयात जाणं माझं चालूच होतं.

डिसेंबरात लढाई पेटली. टपरीवरच्या रेडिओभोवती गर्दी व्हायची. मी आत खाटेवर पडून ऐकायचो. तिसऱ्या तपासणीला कॅप्टन माझ्याशी नीट बोललाच नाही. कागदावर 'अनफिट' लिहून त्यानं कागद माझ्याकडं सरकवला, इतकंच. दोन आठवड्यांत लढाई संपली. वस्तीत पेढे वाटले. बाबांनी पेढा हातात घेतला आणि माझ्याकडं न पाहता मिलला निघून गेले.

चार-सहा दिवसांनी, मिलच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी एक म्हातारा दारात आला. डोक्याला पटका, नखांत कोळशाची कायमची काळी रेघ. मी अंगणात उन्हात बसून संत्रं सोलत होतो. त्यानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे तू इथंच आहे?" तो म्हणाला. "मले वाटलं, तू त्याच्यासंगं असशीन. तुले विचारू म्हणून आलो. कसा गेला, काय बोलला. तारेत काहीच नाई ना लिहिलं बाबू."

माझ्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. ते कुठं ठेवावं मला कळेना. बाबा बाहेर आले, त्यांना सगळं समजलं, आणि ते शरमेनं काळे पडले. ही शरम कोणाच्या तरी डोक्यावर टाकायलाच हवी होती. त्यांनी आत पाण्याचा तांब्या भरत असलेल्या मायकडं बोट दाखवलं आणि माळेची सगळी गोष्ट त्या म्हाताऱ्याला सांगितली. हिनं अडवलं, म्हणाले. नाहीतर आमचा पोरगा तुमच्या पोराजवळ असता.

म्हाताऱ्यानं मायच्या हातून तांब्या घेतला. पाणी प्यायला. मग तिच्याकडं पाहून म्हणाला, "बरं केलं वं बाई तू. मले नाई सुचलं. सुचलं असतं त म्याही बांधली असती."

तो गेला. माय तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. लाज झाकायला माणूस ओरडतो, तसा मी ओरडलो. "आता काहून रडतं? माहा जोडीदार मेला तुह्यापायी! तुह्या त्या माळेपायी! खुश आहे ना आता?" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. बाबांनी अडवलं नाही. तिनं लुगड्याचा पदर तोंडात कोंबला.

जानेवारीत मी फिट झालो. खानावळीत जायचं बंद केलं होतं, दुसरं काय! पलटणीत गेलो तेव्हा हवालदारानं सांगितलं, गन जाम झाली होती, ती सोडवताना जोडीदार गेला. ती गन कशी जाम होते आणि कोणत्या बोटानं सुटते, मला पाठ होतं. मी तीच गन पुढं कितीतरी वर्षं पुसली.

पंधरा वर्षांची नोकरी करून पेन्शनवर घरी आलो तेव्हा माय आजारी होती. पोटात पाणी व्हायचं. कातडी पिवळी, डोळे पिवळे. डॉक्टर म्हणाला, लिव्हर. जिनं जन्मात दारू पाहिली नाही, तिचं लिव्हर! बाबा निवृत्त होऊन घरीच असायचे. ते म्हातारे झाले होते, पण माळेचा टोमणा काही म्हातारा झाला नव्हता. पाहुणा आला की तो निघायचाच.

एका दुपारी बाबा औषध आणायला गेले होते. मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो आणि माझ्या तोंडून अचानक निघून गेलं.

"माय, ते माळेचं काही नोहतं वं. मी सावजीकडं जात होतो. तेल खाल्लं. दारू पेलो. मी भेलो होतो."

ती छताकडं पाहत होती. तशीच म्हणाली, "तुहे शर्ट कोन धुवत होतं गा?"

मला कळलं नाही.

"बाहीले लाल तेलाचे डाग राहायचे. सोड्यात उकळले तरी नाई निघायचे. अन् वास. तुहा बाप यायच्या अगोदर धुवून वाळवून ठेवत होती."

"मंग तेव्हा काहून नाई बोलली? लोकांनी तुले एवढं..."

"बोलली असती त तुह्या बापानं तुले कोंडलं असतं. बरा झाला असता तू." तिला धाप लागली. थोडी थांबून म्हणाली, "गेला असता."

मी तिचा हात धरला. आता बाबा आले की सांगायचं, असं मी ठरवलं. दहा-बारा वर्षं उशिरा का होईना, तिच्यासमोर सांगायचं. सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. बाबा आत आले. त्यांनी औषधाची बाटली माझ्या हातात दिली, घाम पुसला आणि तिच्या पिवळ्या डोळ्यांकडं पाहून हसत म्हणाले, "काय वं माळवाली? आता तुह्यासाठी आनाची का एक?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी अंगणात पाहिलं होतं, तसंच.

मी बाटलीचं झाकण फिरवलं आणि चमचा शोधायला आत गेलो.